बीएसएन ऑनलाइन होईल, पण पहिला कागद सांगलीहून यायला हवा

प्रश्न : मी सांगलीत साडेतीन वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, 2012 साली पास झाले. एनक्लेक्स ही इथल्या परवान्याची परीक्षा देऊन 2021 पासून न्यू जर्सीत आहे. एडिसनजवळच्या एका हॉस्पिटलात मेडिकल-सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी करते, आठवड्याला बारा तासांच्या तीन ड्युट्या. ग्रीन कार्ड आहे. मिस्टर आयटीत, मुलगा पहिलीत. पुढे चार्ज नर्स किंवा एज्युकेटर व्हायचं तर बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) कर, असं मॅनेजर सांगते. ऑनलाइन शोधलं तर जाहिरातींचा पाऊस पडला. कुणी नऊ महिने म्हणतं, कुणी दोन वर्षं. ऑनलाइन डिग्रीला इथे किंमत असते का? माझं जीएनएम धरतील का? खर्च किती येईल? न्यूयॉर्कमध्ये दहा वर्षांचा काही कायदा आहे म्हणे, तो मला लागतो का? आणि मिरजेला माझी मामेबहीण जीएनएम स्टाफ नर्स आहे, तिलाही असं घरबसल्या करता येईल का?

उत्तर : ताई, तुम्ही प्रश्न विचारलेत कॉलेजबद्दल, पण तुमचा खर्च आणि वेळ कॉलेजवर ठरत नाही. तो ठरतो तुमच्या जीएनएमच्या कागदावर. नऊ महिन्यांची जाहिरात खोटी नसते. ती इथल्या कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट डिग्री घेतलेल्या नर्ससाठी असते. तिच्याकडे इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी सगळं आधीच झालेलं असतं, उरतात फक्त वरच्या पातळीचे नर्सिंगचे विषय. तुमचं गणित वेगळं आहे.

बॅचलर डिग्री म्हणजे साधारण 120 क्रेडिट, म्हणजे तासांवरून मोजलेली अभ्यासाची मापं. त्यातली बहुतेक ठिकाणी किमान 30 क्रेडिट त्याच विद्यापीठात करावी लागतात, बाकीची बाहेरून आणता येतात. म्हणजे आदर्श स्थितीत तुम्ही 90 घेऊन जाता आणि 30 करता. समजा एका क्रेडिटची फी 300 डॉलर आहे. 30 क्रेडिटचे 9,000 होतात. पण जीएनएमचं मूल्यमापन ढिसाळ झालं आणि बारा क्रेडिट कमी धरली गेली, तर 42 क्रेडिटचे 12,600. म्हणजे एका नीट न भरलेल्या फॉर्मची किंमत 3,600 डॉलर आणि वर दोन सत्रं. म्हणून अर्ज नंतर, आधी कागद.

हा कागद म्हणजे विषयवार मूल्यमापन. प्रत्येक विषयापुढे अमेरिकन क्रेडिट आणि ग्रेड लिहिलेला अहवाल. तुम्ही परवान्यासाठी परदेशी नर्सेसचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएसकडे, म्हणजे आताच्या ट्रूमेरिटकडे, फाइल केली असेल. तो अहवाल नर्सिंग बोर्डासाठी असतो आणि बरीच विद्यापीठं तो प्रवेशाला पुरेसा मानत नाहीत. त्यांना डब्ल्यूईएस, ईसीई अशा, नेसेस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेचा अहवाल लागतो. आधी दोन-तीन विद्यापीठांना विचारा की कुणाचा अहवाल चालतो, मगच पैसे भरा. आधी अहवाल काढला आणि तो चालत नाही असं कळलं, हा प्रकार फार होतो.

आता घोळ कुठे होतात ते सांगतो. पहिला घोळ नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. इथला कारकून पहिला शब्द पहिलं नाव समजतो. त्यात तुमचा पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाचा. अर्जात ‘आधीचं नाव’ या रकान्यात गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं, त्याच क्रमाने लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. दुसरा घोळ तासांचा. शाळा बहुतेकदा फक्त गुण लिहून देते. अमेरिकेत क्रेडिट निघतं तासांवरून: वर्गातले किती, वॉर्डातले किती, कम्युनिटी पोस्टिंगचे किती. नुसते गुण गेले की मूल्यमापन करणारा हात आखडता घेतो. शाळेला स्पष्ट सांगा की प्रत्येक विषयापुढे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास वेगवेगळे हवेत, शेवटच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे तासही हवेत, आणि शक्य असेल तर त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत. तिसरा घोळ लिफाफ्याचा: तो सीलबंद, जोडावर शिक्का-सही असलेला आणि थेट शाळेकडून किंवा परीक्षा मंडळाकडून निघालेला लागतो. तुम्ही सुट्टीत जाऊन हातात घेऊन आलात आणि उत्सुकतेने उघडलात, की त्याची किंमत संपली.

गुण कमी दिसतात म्हणून घाबरू नका. आपल्याकडचे 62 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, इथे 62 म्हणजे जेमतेम पास. हा फरक भरून काढणं हेच तर त्या अहवालाचं काम. म्हणूनच नुसती गुणपत्रिका विद्यापीठाला पाठवून ‘बघा’ म्हणू नये.

अहवाल यायला महिने लागतात. तेवढ्या काळात रिकामं बसायचं कारण नाही, कारण जीएनएममध्ये काय कमी पडणार हे आजच माहीत आहे. स्टॅटिस्टिक्स जवळजवळ नक्की. इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन पेपर बहुधा. एखादा इतिहास, तत्त्वज्ञान, कला असा ह्युमॅनिटीजचा विषय. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आपल्याकडे असतं, पण ते पूर्ण क्रेडिटचं धरलं जाईल की अर्ध्या, हे अहवालच सांगेल. इंग्रजी आणि ह्युमॅनिटीजसाठी क्लेपच्या, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणाऱ्या, परीक्षा आहेत. साधारण शंभर डॉलरची एक परीक्षा आणि केंद्राचं थोडं शुल्क, पास झालात की सेमिस्टरभराचं काम संपलं. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था मोफत कोर्स पूर्ण करणाऱ्याला त्या परीक्षेचं व्हाउचरही देते. स्टॅटिस्टिक्सची मात्र क्लेपमध्ये परीक्षाच नाही. ती डीएसएसटी या तशाच दुसऱ्या परीक्षांमध्ये आहे. पण हा विषय परीक्षा देऊन उडवू नका असं आमचं मत. पुढे संशोधनाच्या पेपरात पी-व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल रोज भेटणार आहेत. एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे, काउंटीच्या रहिवाशांना तिथली फी सवलतीत पडते. एक सेमिस्टर, तीन क्रेडिट, तिथे करा. एवढ्या वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसण्याची सवयही स्वस्तात लागेल. क्लेप असो वा कम्युनिटी कॉलेज, ज्या विद्यापीठात जायचं आहे ते ही क्रेडिट घेतं का, हे आधी ईमेलवर लिहून घ्या. फोनवरच्या ‘हो हो, चालेल’ला अर्थ नाही.

आता ऑनलाइनची किंमत. पदवीच्या कागदावर ‘ऑनलाइन’ असं लिहिलेलं नसतं आणि एचआर तेही बघत नाही. बघतात मान्यता, आणि ती दोन पातळ्यांवर. विद्यापीठाला मिडल स्टेट्ससारख्या मान्य संस्थेची, आणि नर्सिंगच्या त्या कोर्सला सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए यांपैकी एकाची. दुसरी नसेल तर फी कितीही कमी असो, पुढे चला. पुढे एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) किंवा मास्टर्सला अर्ज करताना ती विचारली जाते, आणि फी परत देणारी बरीच हॉस्पिटलंही ती अट घालतात. कॉलेजच्या वेबसाइटवर विसंबू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत कोर्सचं नाव शोधा. ‘कँडिडेट’ असं दिसलं तर मान्यता अजून मिळालेली नाही असंच समजा.

मॅनेजरचं म्हणणं हवेतलं नाही. 2010 साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2020 पर्यंत 80 टक्के नर्सेस बॅचलर पदवीधर असाव्यात अशी शिफारस केली, तेव्हापासून हॉस्पिटलं त्या बाजूला झुकली. मॅग्नेट हा उत्तम नर्सिंगसाठीचा दर्जा असलेल्या हॉस्पिटलात नर्स मॅनेजरला नर्सिंगची बॅचलर किंवा त्यावरची पदवी असावीच लागते. पगार मात्र लगेच वाढेल असं धरू नका. काही ठिकाणी तासाला थोडा फरक देतात, काही ठिकाणी काहीच नाही. युनियनचा करार किंवा एचआरचं पगारपत्रक बघून घ्या. ही पदवी पदांसाठी आहे. बेडसाइडलाच राहायचं असेल आणि न्यूयॉर्कचा परवाना नको असेल, तर घाईचं कारण नाही.

न्यूयॉर्कचा कायदा डिसेंबर 2017 मध्ये सही होऊन आला. न्यूयॉर्कचा आरएन (रजिस्टर्ड नर्स) परवाना पहिल्यांदा मिळाल्यापासून दहा वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी मिळवायची, असा तो आहे. तो न्यूयॉर्कच्या परवान्याला चिकटलेला आहे. न्यू जर्सीच्या परवान्यावर न्यू जर्सीत काम करताना तो तुम्हाला लागत नाही. कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे आरएनचा परवाना आधीच होता त्यांना सूट आहे. उद्या न्यूयॉर्कचा परवाना काढलात, तर 2012 ची महाराष्ट्राची नोंदणी त्या सवलतीत धरतात का, हे न्यूयॉर्क राज्य शिक्षण खात्याच्या परवाना विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कॉलेज निवडताना तुमच्यासारख्यांसमोर ढोबळमानाने दोन वाटा असतात. एक वेस्टर्न गव्हर्नर्सची, म्हणजे युटामधल्या डब्ल्यूजीयूची: सहा महिन्यांची ठोक फी, तेवढ्यात जितके विषय संपवाल तितके तुमचे. आठवड्याच्या डेडलाइन नाहीत. स्वतःला हाकणाऱ्या माणसाला हे फार स्वस्त पडतं, ‘उद्या बघू’वाल्याला फार महाग. शिवाय तिथे ए-बी असे ग्रेड नसतात, पास झालेला प्रत्येक विषय बीच्या बरोबरीचा धरला जातो. पुढे भूलतज्ज्ञ नर्स व्हायचं किंवा स्पर्धा असलेल्या एनपी कोर्सला जायचं मनात असेल तर हा तीनचा जीपीए (चारपैकी सरासरी ग्रेड) आड येऊ शकतो. दुसरी वाट नेहमीच्या सत्रांची. ट्रेंटनचं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी न्यू जर्सीचंच सरकारी विद्यापीठ आहे, नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच काढलेलं, आणि बाहेरची क्रेडिट घेण्यात हात सैल म्हणून प्रसिद्ध. तुमच्या यादीत ते असायलाच हवं. कोणत्याही विद्यापीठाला ईमेल करताना एक वाक्य नक्की घाला: परदेशी नर्सिंग डिप्लोमा आणि चालू, निर्वेध आरएन परवाना यावर तुम्ही नर्सिंगची एकगठ्ठा क्रेडिट देता का, आणि किती? काही जण देतात, काही जण फक्त अमेरिकेत मान्यता असलेल्या डिप्लोमालाच देतात. एका उत्तराने तुमची यादी अर्धी होईल.

पैशाचं. हॉस्पिटलने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला 5,250 डॉलर करमुक्त असतात. त्यात ‘वर्ष’ म्हणजे कॅलेंडर वर्ष, आणि हॉस्पिटलने तुम्हाला पैसे कधी दिले ते मोजतात. ऑक्टोबरला सुरू झालेल्या विषयाचे पैसे जानेवारीत हातात आले तर ते पुढच्या वर्षात जातात. नीट आखलंत तर दोन कॅलेंडर वर्षांत 10,500 बसतात, म्हणजे वरच्या हिशेबातले 9,000 पूर्ण निघतात, 12,600 निघत नाहीत. (तो सांगलीचा कागद पुन्हा आलाच.) अर्थात हॉस्पिटल तेवढी रक्कम देतं का हे त्याच्या धोरणावर. अटी वाचा: कोर्स सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते का, किमान ग्रेड काय, आणि पैसे घेतल्यावर किती काळ नोकरी सोडता येत नाही. बरेचदा आधी पैसे तुम्हीच भरायचे आणि ग्रेड लागल्यावर परत घ्यायचे, तेव्हा एका सत्राची रक्कम बाजूला ठेवा. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्ही फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरू शकता, भरा. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. त्यात 10,000 पर्यंतच्या फीवर 20 टक्के मिळतात, पण दोघांचं एकत्र उत्पन्न 1,60,000 च्या वर गेलं की ते घटतं आणि 1,80,000 ला संपतं. नर्स आणि आयटी हे जोडपं न्यू जर्सीत ती रेषा सहज ओलांडतं.

वेळेचा हिशेब जाहिरातीत कुणी लिहीत नाही, म्हणून तो सविस्तर. एक क्रेडिट म्हणजे कागदोपत्री 45 तासांचं काम. तीन क्रेडिटचा विषय 135 तासांचा, आणि तो आठ आठवड्यांत कोंबलेला असतो: आठवड्याला सुमारे 17 तास. प्रत्यक्षात सरावाने 10-12 वर येतो, पण पहिल्या विषयाला नाही. तुमच्या तीन रात्री कागदावर 36 तासांच्या. हँडओव्हर आणि गाडी धरून चाळीसच्या पुढे. दोन विषय एकदम घेतलेत तर आठवडा सत्तरीच्या पुढे जातो आणि पहिला बळी झोपेचा जातो. पहिल्या सत्रात एकच विषय घ्या, तोही लेखनाचा किंवा ‘ट्रान्झिशन’ असं नाव असलेला सोपा. तीन रात्री सलग लावून घेता आल्या तर बघा. तिसऱ्या रात्रीनंतरचा दिवस अभ्यासाचा धरू नका, तो वाया जातोच. त्यानंतरच्या दोन सकाळी, मुलगा शाळेत असताना, चार-चार तास: हीच तुमची खरी कमाई.

सत्रांच्या कोर्समध्ये आठवड्याचा ठेका ठरलेला असतो. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री 11:59 पर्यंत चर्चेत पहिली पोस्ट, रविवारपर्यंत दोन सहाध्यायांना उत्तरं, आणि बहुधा एक पेपर. डेडलाइनचं घड्याळ विद्यापीठाच्या गावचं असतं. विद्यापीठ अॅरिझोनात असेल तर तिथले 11:59 म्हणजे तुमच्याकडे हिवाळ्यात रात्रीचे 1:59 आणि उन्हाळ्यात 2:59, कारण अॅरिझोना घड्याळ बदलत नाही. हे एकदा फोनमध्ये नीट लावून टाका. बुधवारी ड्युटी असेल तर पोस्ट सोमवारीच लिहून ठेवा. ब्रेकमध्ये लिहीन असं म्हणणाऱ्यांना ब्रेक मिळत नाही.

गुण कुठे जातात? नर्सिंगच्या ज्ञानात सहसा नाही. जातात लिखाणात. जीएनएममध्ये आपल्याला व्याख्या, प्रकार, कारणं, लक्षणं, उपचार असं पानंच्या पानं लिहायची सवय लागते. इथे तीन पानांत एकच मुद्दा आणि त्याला पुरावा मागतात, संदर्भ शक्यतो गेल्या पाच वर्षांतले आणि मांडणी एपीए या लेखनपद्धतीच्या सातव्या आवृत्तीची. लिहायच्या आधी रुब्रिक, म्हणजे गुण कशाला ते सांगणारा तक्ता, उघडा. त्यात ‘दोन संदर्भ’ असेल आणि तुम्ही एक दिलात तर बाकी कितीही छान लिहा, गुण जाणारच. संशोधनाच्या पेपरात पिको प्रश्न मांडायला लावतात. ‘पेशंट पडू नये म्हणून काय करावं?’ हा पिको नाही, तो निबंध. ‘सर्जिकल वॉर्डातल्या 65 वर्षांवरच्या पेशंटमध्ये, दर तासाला फेरी मारल्याने, बेल वाजल्यावरच जाण्याच्या तुलनेत, तीन महिन्यांत पडण्याचं प्रमाण कमी होतं का?’ हा पिको. पेशंट कोण, उपाय काय, तुलना कशाशी, मोजायचं काय, सगळं एका वाक्यात. तुमच्या वॉर्डातला रोजचा त्रास घ्या, प्रश्न आपोआप सुचेल. मात्र पेशंटची ओळख पटेल असं काही लिहू नका: वय, आजार, तारीख आणि हॉस्पिटल एकत्र आलं की हिपाचा, म्हणजे पेशंटच्या गोपनीयतेच्या कायद्याचा, भंग व्हायला नाव लिहावं लागत नाही. आपलाच मागच्या विषयातला पेपर पुन्हा लावणंही इथे चोरीत धरतात, आणि टर्निटिन हे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर ते पकडतं.

शेवटच्या टप्प्यात अडकवतो तो प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे तास. बेडसाइड क्लिनिकल तुम्हाला पुन्हा करावं लागत नाही, पण बऱ्याच कोर्समध्ये कम्युनिटी हेल्थचे आणि लीडरशिपचे काही तास असतात, आणि त्यासाठी प्रिसेप्टर, म्हणजे तुमच्यावर देखरेख ठेवणारा मार्गदर्शक, बहुतेकदा तुम्हीच शोधायचा, सहसा बीएसएन किंवा वरची पदवी असलेला. हे तास नेहमीच्या पगारी ड्युटीत मोजू देत नाहीत. विद्यापीठ आणि ती संस्था यांच्यात करार लागतो आणि तो दोन्हीकडच्या कायदा विभागांतून फिरत महिनोन्‌महिने रेंगाळतो. लसींचे दाखले, टीबी चाचणी, बीएलएस कार्ड, पार्श्वभूमी तपासणी, हे सगळं चालू तारखेचं लागतं. विषय सुरू होण्याच्या निदान चार महिने आधी प्रिसेप्टरशी बोला. प्रवेश घेतानाच विचारा की किती तास, कुठे, आणि प्रिसेप्टर नाही मिळाला तर तुम्ही शोधून देता का. मिस्टरांची बदली दुसऱ्या राज्यात होण्याची शक्यता असेल तर त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना ते घेतात का, हेही. प्रॅक्टिकम ज्या राज्यात, तिथे चालणारा परवाना लागतो.

राहिली मिरजेची मामेबहीण. तिला असं करता येणार नाही. यूजीसीच्या 2020 च्या नियमांत ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने न चालवण्याच्या विषयांत नर्सिंग आहे, त्यामुळे ‘घरबसल्या बीएससी नर्सिंग’ ही जाहिरात दिसली की तिने पान उलटावं. जीएनएमनंतरची तिची वाट पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंगची: दोन वर्षं, पूर्णवेळ, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. सरकारी नोकरी असेल तर आधी रजेचं आणि प्रतिनियुक्तीचं कार्यालयात विचारावं. इग्नू या मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या नर्ससाठी पोस्ट बेसिक कोर्स चालवला आहे, पण त्याला प्रवेश परीक्षा आणि हॉस्पिटलातलं हजेरीचं प्रॅक्टिकल आहे. घरबसल्या तोही नाही. त्या वर्षीची जाहिरात आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता बघितल्याशिवाय फी भरू नये.

पण तीच तुमच्या कामी येईल. मिरज-सांगली म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. तिच्या नावाने अधिकारपत्र करा. त्यात तुमचं लग्नाआधीचं आणि आताचं नाव, जीएनएमची बॅच, रोल नंबर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घाला, पासपोर्टची आणि गुणपत्रिकांची प्रत जोडा. सोबत तासांचे रकाने आखलेला कोरा तक्ता द्या, म्हणजे शाळेतल्या क्लार्कला फक्त आकडे भरायचे राहतात. मूल्यमापन संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक लिफाफ्यावर बाहेरून लिहायला सांगा, नाहीतर लिफाफा पोचतो आणि कुणाच्याच फाइलला लागत नाही. दोन संच मागवा, एक शाळेतच सीलबंद ठेवायला सांगा. आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी पाठवा तिला.